डोंगरउतारावर नवे भातखाचर: पडकईची रीत, पहिल्या कुदळीपासून तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत

पुणे जिल्ह्यातल्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला उभे राहिले की दोन तऱ्हेची शेती एका नजरेत दिसते. खाली उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर आणि वर डोंगराच्या अंगाने पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भातखाचरे. या दोहोंच्या मधली घोड नदीकाठची मूळची चांगली जमीन पाण्याखाली आहे. धरण झाले तेव्हा इथल्या अनेक महादेव कोळी कुटुंबांनी परक्या मुलखात न जाता आपल्याच डोंगरावर थोडे वर सरकून बस्तान मांडले. वर जमीन होती, पण ती वरकस. नाचणी-वरईची दोन-तीन पिके घ्यायची आणि पड टाकायची, अशी. भात पिकवायचा तर उतार मोडून खाचर पाडावे लागते आणि ते एकट्या घराचे काम नव्हे. त्यासाठी आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जुनी रीत आहे, पडकई. पाच-दहा घरांनी मिळून आळीपाळीने एकेकाच्या उतारावर खाचर पाडून द्यायचे. देशावर इर्जिक म्हणतात, कोकणात सावड. कृषी खात्याच्या कागदावर खाचर पाडण्याच्या कामाला मजगी म्हणतात.

अशा कामांवर मी फावडे घेऊनही उभा राहिलो आहे आणि टेप घेऊनही. पुढे जे लिहितो आहे ते ज्यांच्याकडे असा उतार आहे, मनुष्यबळ थोडेफार आहे आणि पैसा फारसा नाही, त्यांच्यासाठी. सगळ्यात महत्त्वाचे आधीच सांगून टाकतो. खाचर पाडणे हे वरवर मातीचे काम दिसते, पण ते पाण्याचे काम आहे. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार हे ठरल्याशिवाय एक घमेले मातीही हलवू नका.

आधी जमीन बघा, कागदही बघा

कागदाचे थोडक्यात. जमीन सातबाऱ्याची असेल तर प्रश्न कमी. वनहक्काच्या पट्ट्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या दाव्याचा नकाशा आणि प्रत्यक्षातली हद्द जुळते का, हे खणण्याआधी पाहा. पट्ट्याच्या बाहेर दहा फूट ताल, म्हणजे खाचराच्या कडेची दगडी भिंत, गेली तरी पुढे कटकट होते. भीमाशंकर अभयारण्याच्या आसपास तर जास्तच जपावे.

आता उतार. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. बरोबर दहा फुटांचा सरळ बांबू घ्या. एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरे हवेत धरा आणि गवंड्याची लेव्हल ठेवून बांबू आडवा करा. हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. एक फूट आली तर उतार १० टक्के, दोन फूट आली तर २० टक्के. एका जागी मोजून थांबू नका. वर, मध्ये, खाली, असे पाच-सहा ठिकाणी मोजा.

साधारण १६ ते ३३ टक्के उतार पायऱ्यांच्या खाचरांना योग्य मानतात. त्याहून कमी असेल तर नुसते बांध घालूनही काम भागते. बांबूच्या टोकाशी साडेतीन फूट किंवा जास्त भरत असेल तर तिथे खाचर पाडू नका. तो भाग गवत, हिरडा, बांबू यांच्यासाठी सोडा. लोकांना हे पटत नाही, कारण खाली जागा संपलेली असते. तरीही सोडा.

मातीची खोली बघायला तीन-चार ठिकाणी पहारीने खड्डे घ्या. दीड-दोन फुटांवर कडक मुरूम लागला तर उत्तम, तालीला पाया मिळतो. फुटावरच पाषाण लागला तर खाचर उथळ राहील आणि पाणी धरणार नाही. आणि कितीही खाली गेलात तरी मऊ, ओलसर, चिकट मातीच लागत असेल तर खूश होऊ नका. तसला उतार भरपावसात घसरू शकतो. उन्हाळ्यातही जिथे झरा पाझरतो, झाडे एका बाजूला कललेली दिसतात, जमिनीत जुन्या भेगा आहेत, त्या जागेला हात लावू नये.

शेवटची अट घरांची. नियोजित खाचरांच्या सरळ खाली वस्ती असेल तर जागा बदला. माळीण गाव आंबेगाव तालुक्यातलेच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसे गेली. त्यानंतर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवले गेले, आणि ते कारण नाकारणारेही पुष्कळ होते. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण त्या दिवसानंतर या भागात उताराला हात लावणारा माणूस आधी खाली कोण राहते ते बघतो. बघायलाच हवे.

माणसे आणि महिने

भाताची झोडणी उरकली की मार्गशीर्षात बैठक घ्या. सात ते दहा घरे पुरतात. वीस घरे झाली की पाळी येईपर्यंत उन्हाळा संपतो आणि शेवटच्या घराच्या वाट्याला वळीव येतो. बैठकीत तीन गोष्टी ठरवा: कोणाची पाळी कधी, घरटी किती माणसे, आणि एखादे घर येऊ शकले नाही तर त्या दिवसाची भरपाई कशी. ज्याच्याकडे काम त्याच्याकडे दुपारचे जेवण, ही जुनी पद्धत ठेवा. वहीत दिवस लिहा. मोठ्या मनाची माणसेसुद्धा मे महिन्यात दिवस मोजायला लागतात.

काम पौष-माघात सुरू करा. तेव्हा जमिनीत थोडी ओल असते आणि कुदळ लागते. चैत्रात तोच मुरूम लोखंडासारखा होतो, शिवाय हिरडा गोळा करायचे दिवस आले की बायका-माणसे डोंगरात जातात. ते घरात येणारे रोख पैसे आहेत, पडकईसाठी कोणी सोडणार नाही, आणि सोडायला सांगूही नये.

रोजगार हमीतून काम बसवता आले तर जरूर बसवा. पण तिथे काम मोजले जाते, म्हणून खणायच्या आधी आणि नंतर स्वतः मोजून ठेवा.

पाण्याची वाट

पहिली कुदळ पडते ती सगळ्यात वर. जिथे शेवटचे, म्हणजे सर्वांत वरचे खाचर येणार आहे, त्याच्याही दहा-पंधरा फूट वर उतारावर आडवा चर खणा. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल. डोंगरावरून धावत येणारे पाणी खाचरांत न शिरता या चरातून बाजूच्या नैसर्गिक ओहोळात गेले पाहिजे. चराला ओहोळाकडे अगदी थोडा ढाळ द्या, शंभर फुटांना अर्धा ते एक फूट. जास्त दिलात तर चरच खचत जाऊन घळ होते. निघालेली माती चराच्या खालच्या काठावर टाकून चोपून घ्या. चर ओहोळाला मिळतो तिथे दगड पसरा.

हा चर का, याचा हिशोब एकदा करून बघा. एक एकर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे चार लाख लिटर पाणी होते. घाटमाथ्यावरच्या आहुप्याच्या बाजूला आषाढात असा पाऊस ही काही बातमी नसते. ते चार लाख लिटर तुमच्या पहिल्या वर्षाच्या कच्च्या तालीवर आले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

हे काम कंटाळवाणे आहे. दोन दिवस दहा माणसे राबतात आणि संध्याकाळी दाखवायला खाचर नसते. म्हणून बहुतेक लोक चर शेवटी करू म्हणतात. शेवटी वेळ उरत नाही.

आखणी

खाचर समपातळीत असायला हवे, म्हणजे ताल डोंगराच्या अंगाने वळत जाणार. सरळ रेषेचा हट्ट धरू नका. आखणीसाठी ए आकाराची लाकडी चौकट सगळ्यात सोपी. सारख्या लांबीचे सात-सात फुटांचे दोन दांडे वर एकत्र बांधा, खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लोंबता सोडा. आता चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा उभी करा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती समपातळीची. मग एक पाय रोवून दुसरा पुढे-मागे सरकवत जा आणि दोरी मधल्या खुणेवर आली की खुंटी ठोका. संध्याकाळपर्यंत सबंध उतारावर खुंट्यांच्या ओळी उभ्या राहतात. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर तीही चालेल, पण वाऱ्यात आणि चढावर दोन माणसे तिच्यात गुंतून पडतात.

दोन ओळींमधले अंतर किती ठेवायचे, यावरच पुढची सगळी मेहनत ठरते. २० टक्के उतारावर १५ फूट रुंद खाचर घेतले तर ताल तीन फूट उंच होते. ३० टक्क्यांवर तेवढेच रुंद घेतले तर साडेचार फूट. मातीचे प्रमाण तालीच्या उंचीवर ठरते. तीन फुटी तालीला एका गुंठ्यामागे सुमारे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती कापून भरावी लागते, साडेचार फुटी तालीला सहा. शिवाय साडेचार फुटी सुकी ताल बांधणे येरागबाळ्याचे काम नाही. माझे मत स्पष्ट आहे: ताल तीन फुटांच्या वर नेऊ नका. उतार जास्त असेल तर खाचर अरुंद करा, दहा फुटांचे करा. औत वळवायला अडचण होते हे खरे, पण फुटलेल्या तालीत औत घालताच येत नाही.

एक माणूस दिवसाला कापणे, वाहणे, पसरणे धरून जेमतेम अर्धा ब्रास माती उरकतो, असा माझा अंदाज. म्हणजे गुंठ्याला मातीचेच आठ दिवस. दगडाचे वेगळे. एका घराने एका उन्हाळ्यात दोन-तीन गुंठे केले तरी शाबासकी द्यावी.

वरची माती

या मुद्द्यावर जरा रेंगाळतो, कारण नव्या खाचरांची नासाडी इथेच होते.

डोंगरावर वरचा चार-सहा इंचांचा थर हीच काय ती माती. त्यात पाला कुजलेला असतो, मुळ्या असतात, जीव असतो. त्याखाली मुरूम. उतार कापून भरताना हा थर गाडला गेला की वर मुरूम येतो आणि पहिल्या वर्षी रोपे लावली की आठ दिवसांत पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो, जमीनच वाईट. जमीन वाईट नव्हती, तुम्ही ती उलटी केलीत.

म्हणून काम खालून वर न्या. सर्वांत खालच्या पट्ट्यातली वरची माती खरवडून बाजूला ढीग करा. मुरूम कापून-भरून पट्टा सपाट करा. आता दुसऱ्या पट्ट्यातली वरची माती खरवडाल ती सरळ खालच्या तयार खाचरात ओढा. मग दुसरे खाचर सपाट करा, त्यावर तिसऱ्याची माती. माती नेहमी उताराने खाली येते, डोक्यावर घमेले चढवावे लागत नाही. सगळ्यात वरच्या खाचराला मात्र कोणाचीच माती उरत नाही. खालचा पहिला ढीग तिथवर चढवायला हवा, पण ते सहसा कोणी करत नाही. तेव्हा त्या खाचराला शेणखत आणि पाला दुप्पट द्यायचा, हे आधीच धरून चाला.

खालून वर जाण्यात एक धोका आहे. अर्धवट काम असताना वळीव आला तर वरचे सगळे पाणी मोकळ्या मातीवर येते. म्हणूनच वरचा चर पहिल्या दिवशी.

ताल

गुंठाभर खाचराला तीन फुटी तालीसाठी लागणारा दगड मातीइतकाच, साडेचार-पाच ब्रास. खणताना निघतो तो सगळा त्यात वापरायचा. म्हणून खणताना दगड आणि माती वेगळी टाकण्याची शिस्त ठेवा, मोठा दगड तालीच्या रेषेवर, चिपा (बारीक दगड) मागे.

पाया कडक मुरमापर्यंत, किमान एक फूट खोल आणि दोन फूट रुंद. पायाचा तळ आतल्या बाजूला किंचित कलता ठेवा म्हणजे दगड बाहेर सरकायला बघत नाही. सगळ्यात मोठे दगड पायात. प्रत्येक थर खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवा. सांधे एकावर एक आले की ताल तिथून उभी चिरते. दर चार-पाच फुटांवर एक लांब दगड आडवा घालून त्याचे शेपूट आत मातीत जाऊ द्या. वर जाताना ताल आतल्या बाजूला कलती न्या, तीन फुटांत अर्धा-पाऊण फूट.

तालीच्या पाठीमागे सरळ माती टाकू नका. आधी वीतभर जाडीचा चिपांचा थर, मग मुरूम, मग माती. चिपांतून पाणी झिरपून तालीच्या तोंडातून बाहेर येते. सिमेंट लावून ताल पक्की करणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. पाणी मागे तुंबते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात ताल पोट काढते. सुक्या तालीला श्वास घेऊ द्या.

खालचा अर्धा भाग बहुधा कापलेल्या मुरमाला टेकलेला असतो, वरचा अर्धा भाग भरावाचा भार घेतो. म्हणून वर पोचेपर्यंत उरलासुरला गोटा दगड भरायचा, ही सवय मोडा. चांगले चपटे दगड वरच्या थरांसाठी राखून ठेवा.

सपाटी आणि सांडवा

भराव अर्ध्या फुटाच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर पायाने, धुमसाने चोपा. तरी तो पहिल्या पावसात बसणारच. भराव दोन फूट असेल तर दोन-अडीच इंच बसतो. तेवढी कड आधीच उंच ठेवा. भातासाठी खाचर एरवी पाटासारखे सपाट हवे. नाचणी किंवा फळझाडे करायची असतील तर मात्र आतल्या बाजूला किंचित ढाळ द्या, म्हणजे पाणी तालीवरून न जाता डोंगराच्या कडेने वाहील.

तालीच्या वर कडेला फूटभर उंचीचा मातीचा बांध. त्यात सांडवा ठेवायचा तो भरावावर नाही, टोकाला, जिथे मूळची न हललेली जमीन आहे तिथे. सांडव्याच्या तळाला चपटा दगड, पाणी पडते तिथे खाली दगडांचा थर. शक्य तिथे प्रत्येक खाचराचे जादा पाणी बाजूच्या ओहोळाला सोडा. ते जमत नसेल आणि खाचरातून खाचरात पाणी उतरवायचे असेल तर एकाचा सांडवा डावीकडे, त्याखालच्याचा उजवीकडे. पाण्याला वळसा पडतो आणि त्याचा वेग मोडतो.

मशीनबद्दल विचारणारे विचारतातच. मोठी धोंड हलवायला ताशी भाड्याने पोकलेन आणले तर माझी हरकत नाही. पण संपूर्ण उतार मशीनने दोन दिवसांत सपाट करणे म्हणजे वरची माती गाडणे, भराव न चोपणे आणि ताल नंतर बांधू म्हणणे. या तिन्ही गोष्टी एकदम होताना मी पाहिल्या आहेत. ती खाचरे आज चराईला आहेत.

पहिला पावसाळा

पहिल्या वर्षी भात लावू नका. पाणी उभे केले की ते न बसलेल्या भरावात शिरते आणि ताल फुगते. सांडवे तळापर्यंत मोकळे ठेवा आणि नाचणी किंवा वरई घ्या. त्यांची मुळे माती धरतात, पोटालाही काहीतरी मिळते. बांधावर गिरिपुष्पाच्या झाडाच्या काठ्या रोवा. तालीच्या माथ्यावर वाळा लावा. हिरड्याचे झाड आखणीत मध्येच आले असेल तर ताल त्याला वळसा घालून न्या. झाड तोडून दोन हात जागा मिळेल, पण बाळहिरड्याचे दरसालचे पैसे जातील आणि मुळे कुजली की तिथेच पोकळी होईल.

दुसऱ्या वर्षी भात. गुंठ्याला निदान १०० किलो शेणखत, नव्या खाचराला जमेल तितके जास्त. लावणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो चिखलात गाडा. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतले हे सूत्र नव्या जमिनीला फार मानवते. चिखलणी नेहमीपेक्षा एक पाळी जास्त करा, कारण गाळ खाली बसून तळ बुजल्याशिवाय खाचर पाणी धरत नाही. जात हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, निवडा. नवी खाचरे दसऱ्याच्या आधीच कोरडी पडतात, गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताला शेवटचे पाणी मिळत नाही. इंद्रायणी-आंबेमोहराचा मोह तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत आवरा.

फावडे घेऊन फेरी

दर वर्षी मृगाच्या आधी वरचा चर उपसायचा, सांडव्याचे दगड नीट करायचे आणि तालीतून निसटलेला दगड त्याच दिवशी परत बसवायचा. पावसाळ्यात खरा शत्रू खेकडा. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी सुटते आणि रात्रीतून बोटाएवढ्या भोकाची मोरी होते. पोरे खेकडे धरून भाजून खातात, त्यांना अडवू नका. बीळ दिसले की नुसते वरून चिखलाने लिंपू नका. खणून उघडा आणि आत दगड घालून चोपा.

तालीचे पोट पुढे आलेले दिसले तर सांडवा ताबडतोब पूर्ण उघडा, खाचर रिकामे करा आणि उन्हाळ्यात तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधा. उतारावर नवी भेग दिसली, स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला किंवा कोरड्या जागी पाणी फुटले तर खाचराची चिंता सोडा. खालच्या घरांतल्या माणसांना हलवा आणि मग तहसीलला कळवा, या क्रमाने.

मोठ्या पावसाच्या रात्री घरटी एक माणूस कांबळे किंवा इरले, फावडे आणि बॅटरी घेऊन आपापल्या ताली बघून येतो. पडकईच्या वहीत हे दिवस कोणी लिहीत नाही, पण दुसऱ्याच्या खाचराचा सांडवा तुंबलेला दिसला तर जाणारा तो मोकळा करून पुढे जातो.